संगणकशास्त्राच्या पदवीचे प्रवेशद्वार आणि भाषेचा अभ्यासक

संगणकशास्त्राच्या पदवी-अभ्यासक्रमास प्रवेश कोणाला मिळतो, आणि तो मिळाल्यावर विद्यार्थ्याने कोणते विषय निवडणे हिताचे असते, हा प्रश्न भाषाविज्ञानाच्या पत्रिकेत कशासाठी, अशी शंका काही वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर दोन प्रकारांनी देता येईल. पदव्युत्तर वर्गात संगणकीय भाषाविज्ञानाकडे वळू इच्छिणारा विद्यार्थी कला शाखेतून आलेला असला, तर त्याची अडचण बहुधा भाषेची नसते. सोळाव्या वर्षी सोडून दिलेल्या गणिताची असते. आणि दुसरे असे की, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या नव्या पदवीरचनेत विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचे काही विषय घेणे बंधनकारक झाले आहे. म्हणजे संगणकशास्त्राचा विद्यार्थी आता आपल्या दाराशी येणार आहे. तेव्हा तो कोणत्या चाळणीतून निघून आला आहे, आणि ती चाळणी नेमके काय राखते व काय गाळते, हे आपणांस ठाऊक असले पाहिजे.

प्रथम नावांचा घोळ दूर करू. महाराष्ट्रात ‘कॉम्प्युटरची पदवी’ या एका बोलीतील शब्दाखाली निदान तीन वेगवेगळ्या वस्तू येतात. एक, अभियांत्रिकी विद्याशाखेतील चार वर्षांची बी.टेक. अथवा बी.ई.; दोन, विज्ञान विद्याशाखेतील बी.एस्सी. संगणकशास्त्र, आणि तीन, बी.सी.ए., म्हणजे संगणकाच्या उपयोजनाची पदवी. या तिन्हींची दारे निराळी आहेत, इतकेच नव्हे तर त्या दारांवर विचारले जाणारे प्रश्नही निराळे आहेत.

अभियांत्रिकीचे दार सर्वांत गजबजलेले. बारावीत पदार्थविज्ञान व गणित हे दोन विषय अनिवार्य. तिसरा विषय रसायनशास्त्र असावा असा सार्वत्रिक समज असला, तरी नियमांत जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान किंवा एखादा तांत्रिक विषय हेही पर्याय आहेत. या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के, आणि राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के गुण हवेत. हे झाले पात्रतेपुरते. प्रत्यक्ष क्रम ठरतो तो राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेवर, म्हणजे एमएचटी-सीईटीवर. अलीकडील वर्षांच्या रचनेप्रमाणे तिच्यात पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी ५० गुण आणि एकट्या गणिताचे १०० गुण असतात. गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी दोन गुण. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. अकरावीच्या अभ्यासक्रमास सुमारे २० टक्के व बारावीच्या अभ्यासक्रमास ८० टक्के भार दिलेला असतो. राष्ट्रीय पातळीवरील जेईई मेन या परीक्षेत मात्र तिन्ही विषय समसमान, प्रत्येकी १०० गुणांचे. परंतु दोघांचे एकूण गुण सारखे झाले, तर तेथेही प्रथम गणिताचेच गुण पाहिले जातात. आय.आय.टी.साठी याच्याही पुढची, जेईई ॲडव्हान्स्ड ही पायरी आहे, आणि तेथे प्रवेशासाठी बारावीत ७५ टक्के गुण, किंवा त्या मंडळाच्या उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या वरच्या २० शतमकांत स्थान, अशी अट आहे. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ही अट ६५ टक्क्यांची आहे.

बी.एस्सी.चे दार तुलनेने शांत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी. संगणकशास्त्रासाठी बारावी विज्ञान शाखेत गणित घेतलेले असणे ही मुख्य अट. त्या विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यात पहिल्या वर्षी संगणकशास्त्राच्या जोडीने गणित, संख्याशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स असे विषय होते. म्हणजे गणित हे केवळ दारात विचारून सोडून देण्याची वस्तू नव्हती, ते घरातही होते. बी.सी.ए.चे दार सर्वांत रुंद: बारावी कोणत्याही शाखेतून. २०२४-२५ पासून हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि त्यासाठी राज्याने स्वतंत्र प्रवेश परीक्षा सुरू केली. तिच्यात इंग्रजी, तर्कबुद्धी, सामान्य ज्ञान व संगणकाची प्राथमिक माहिती यांवर प्रश्न असतात. गणिताची स्वतंत्र पत्रिका नाही.

या तीन दारांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट ध्यानी येते. अभ्यासक्रम जसजसा उपयोजनाकडून सिद्धान्ताकडे जातो, तसतशी गणिताची अट कडक होते. आणि पदार्थविज्ञान-रसायनशास्त्राची अट मात्र सिद्धान्तावर अवलंबून नसून ती पदवी कोणत्या विद्याशाखेच्या छत्राखाली आहे यावर अवलंबून आहे. अभियांत्रिकीच्या सर्व शाखांची प्रवेशपात्रता स्थूलमानाने एका साच्यातून निघाली. स्थापत्य असो, यंत्र असो वा संगणक असो, दार एकच. पूल बांधणाऱ्यास पदार्थविज्ञान हवे हे उघड आहे. कम्पायलर लिहिणाऱ्यास ते कितपत हवे, हा प्रश्न त्या साच्याने कधी विचारला नाही. तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये ही अट बरीच सैल करून चौदा विषयांच्या यादीतून कोणतेही तीन चालतील असे जाहीर केले, तेव्हा गणिताविना अभियंता कसा होईल, असा गदारोळ उठला. तो रास्तच होता. परंतु त्या गदारोळात, तिन्ही विषयांचे स्थान सारखे नाही, हा मुद्दा बाजूलाच पडला.

येथे इंग्लंडची तुलना उद्बोधक ठरेल. केंब्रिज विद्यापीठात १९५३ मध्ये संगणकविषयक पदविका सुरू झाली. विद्यापीठीय शिक्षणात या विषयाचा हा अगदी आरंभीचा अभ्यासक्रम मानला जातो. त्याच विद्यापीठाच्या आजच्या संगणकशास्त्र पदवीसाठी शाळेतील गणित अनिवार्य आहे, वरच्या पातळीचे गणित घेतलेले असावे अशी जोरदार शिफारस आहे, आणि प्रवेश परीक्षाही गणिताचीच आहे. शाळेत ‘संगणकशास्त्र’ हा विषय घेतलेला असलाच पाहिजे, अशी अट मात्र नाही. आपल्याकडील पालकांना हे ऐकून आश्चर्य वाटते. मुलाने शाळेत प्रोग्रॅमिंगचा वर्ग लावला की त्याची अर्धी वाट चालून झाली, असा त्यांचा ग्रह असतो. वस्तुतः प्रोग्रॅमिंग पदवीच्या पहिल्या सहामाहीत शिकवता येते, पण सिद्धता कशाला म्हणतात हे ज्याने कधी पाहिलेच नाही, त्याला ते दुसऱ्या वर्षी शिकवणे जिकिरीचे होते.

मग हे गणित म्हणजे नेमके कोणते? बारावीचा विद्यार्थी गणित म्हटले की अवकलन व समाकलन समजतो, आणि प्रवेश परीक्षेतही त्यांचे वजन मोठे आहे. संगणकशास्त्राच्या गाभ्याला त्याहून निकटचे गणित म्हणजे विविक्त गणित: संच, संबंध, फलने, क्रमचय व संचय, विगमन, तर्कशास्त्र, आलेख. महाराष्ट्राच्या आजवरच्या पाठ्यपुस्तकांत यांपैकी पुष्कळ भाग आहे. संच व संबंध, क्रमचय व संचय, विगमनाची पद्धत ही प्रकरणे अकरावीच्या पुस्तकात. आणि बारावीच्या पुस्तकाचे तर पहिलेच प्रकरण गणितीय तर्कशास्त्राचे. दुर्दैव असे की, अकरावीला परीक्षेत भार कमी, म्हणून ज्या प्रकरणांचा पुढे सर्वाधिक उपयोग, तीच घाईघाईने उरकली जातात.

या पाठ्यपुस्तकांविषयी एक बारीकशी गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. त्यांच्या मुखपृष्ठावर ‘गणित व संख्याशास्त्र’ या नावापुढे कंसात ‘कला व विज्ञान’ असे छापलेले असते. याचा अर्थ, उच्च माध्यमिक मंडळाच्या लेखी, कला शाखेचा विद्यार्थी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचेच गणित घेऊ शकतो. पुस्तक एक, पेपर एक. कागदावर हे दार उघडे आहे. प्रत्यक्षात कला शाखेत गणिताची तासिका असणारी कनिष्ठ महाविद्यालये शोधावी लागतात. कला शाखेत जाणाऱ्या मुलीला भाषा आवडते, म्हणून तिने गणित सोडले पाहिजे, असे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. ते वेळापत्रकात लिहिलेले असते. आणि वेळापत्रकाने घेतलेला हा निर्णय पुढे फार लांबवर पोचतो. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. माहिती तंत्रज्ञानासाठी बारावीत ‘गणित व संख्याशास्त्र’ हा विषय हवा, ही अट त्या मुलीस बाहेर ठेवते, पुढे बी.ए. करून तिने एम.सी.ए.चा विचार केला, तर तेथेही बारावीस अथवा पदवीस गणित होते काय, हीच विचारणा होते. एका अर्थी अकरावीच्या प्रवेश-अर्जावरील एक रकाना पुढच्या सात-आठ वर्षांचा निकाल लावून बसतो.

उलट दिशेचा प्रकारही आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकांना अधिक टोचावा. विज्ञान शाखेत ‘संगणकशास्त्र’ हा द्विलक्षी विषय घेणाऱ्याला तो २०० गुणांचा असल्यामुळे दोन विषयांची जागा मोकळी करावी लागते: एक ऐच्छिक विषय, बहुधा जीवशास्त्र, आणि दुसरी भाषा. अर्थात् महाराष्ट्रात संगणकाकडे जाणारा पुष्कळसा विद्यार्थिवर्ग सोळाव्या वर्षी मराठीचा निरोप घेतो, आणि भाषेकडे जाणारा विद्यार्थी त्याच वर्षी गणिताचा. दोघे पुन्हा भेटतात ते पदव्युत्तर वर्गात, आणि तेव्हा एकमेकांची परिभाषा दोघांसही परकी झालेली असते.

माध्यमाचा प्रश्न याच्याशीच गुंतलेला आहे. सीईटीत पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांची प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठी व उर्दूतही उपलब्ध असते. गणिताची मात्र केवळ इंग्रजीत. जेईई मेन २०२१ पासून मराठीसह तेरा भाषांत घेतली जाते; जेईई ॲडव्हान्स्ड इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत. गणित म्हणजे चिन्हांचा खेळ, त्यात भाषेचा प्रश्न कोठे येतो, असे म्हणणारे भेटतात. त्यांनी संभाव्यतेवरील एखादे उदाहरण वाचून पाहावे. ‘निदान दोन’, ‘फार तर दोन’ आणि ‘नेमके दोन’ या तीन शब्दप्रयोगांवर सारे उत्तर फिरते. किंबहुना गणिताच्या मराठीत काही सोयी अशा आहेत की ज्या इंग्रजीत नाहीत. ‘चहा की कॉफी?’ आणि ‘चहा किंवा कॉफी’ यांतील भेद मराठी मूल शाळेत जाण्यापूर्वीच पाळते; तर्कशास्त्रातील समावेशक विकल्प शिकवताना इंग्रजीच्या शिक्षकाला ज्या शब्दाच्या दोन अर्थांशी झगडावे लागते, तेथे आपल्याकडे दोन शब्द हाताशी आहेत. या सोयीचा कोणी उपयोग करीत नाही, ही गोष्ट वेगळी.

तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ मध्ये काही निवडक महाविद्यालयांस भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मान्यता दिली. पुण्याजवळच्या पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने त्या वर्षी मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्ग उघडला. या प्रयोगाकडे आपल्या विभागांनी उत्सुकतेने पाहिले पाहिजे. परिषदेने पाठ्यपुस्तकांची भाषांतरे करविली आहेत. पण प्रश्न भाषांतराचा नसून वापरात रुळलेल्या परिभाषेचा आहे. ‘फलन’ हा शब्द गणिताच्या पुस्तकात, आणि त्याच विद्यार्थ्याच्या तोंडी प्रोग्रॅममधील ‘फंक्शन’. ही एकच कल्पना आहे की दोन, हे त्याला कोणी सांगत नाही. (खरे म्हणजे त्या पूर्णपणे एक नाहीत, आणि तो फरक समजावण्यास दोन शब्द उपयोगीच पडले असते.) परिभाषा कोशातून वर्गात उतरत नाही, ती वर्गातून कोशात चढते, असा प्रस्तुत लेखकाचा समज आहे.

आता प्रवेश मिळाल्यानंतरच्या निवडीकडे वळू. अभियांत्रिकीच्या प्रवेशफेरीत विद्यार्थ्याला महाविद्यालयाबरोबर शाखाही निवडावी लागते, आणि अलीकडे शाखांच्या नावांना बहर आला आहे: संगणक अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता व डेटा सायन्स, कृत्रिम बुद्धिमत्ता व मशीन लर्निंग, सायबर सुरक्षा, आणि याच शब्दांची निरनिराळी मिश्रणे. नावांवरून निवड करणारा विद्यार्थी फसण्याचा संभव असतो. पाहावयाचे ते अभ्यासक्रमाचे पुस्तक. त्यात विविक्त गणित, डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, संगणनाचा सिद्धान्त, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस व नेटवर्क हे विषय अनिवार्य आहेत काय. रेषीय बीजगणित व संभाव्यता यांना पुरेशा तासिका आहेत काय. कम्पायलर हा विषय आहे की वगळला आहे. ज्या शाखेच्या नावात सर्वांत नवा शब्द असतो, तिच्यात पुष्कळदा संगणनाचा सिद्धान्त ऐच्छिक झालेला किंवा आटलेला आढळतो. तो कंटाळवाणा आहे आणि मुलाखतीत विचारला जात नाही, असा त्याच्यावर आक्षेप असतो. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र हाच विषय दोन शास्त्रांचा सामाईक उंबरठा आहे, म्हणून त्याविषयी किंचित् विस्ताराने लिहितो.

‘घरातल्यांनी’ हा एक शब्द घ्या. ‘घर’ हे प्रातिपदिक, ‘घरा’ हे सामान्यरूप, मग ‘घरात’, त्यावरून ‘घरातला’, त्याचे सामान्यरूप ‘घरातल्या’, अनेकवचनाचा अनुस्वार, आणि शेवटी ‘नी’. प्रत्येक पायरीवर पुढे कोणता प्रत्यय येऊ शकतो हे केवळ आपण सध्या कोणत्या अवस्थेत आहोत यावरून ठरते. मागे काय काय घडले याची यादी जवळ बाळगावी लागत नाही. संगणनाच्या सिद्धान्तात अशा यंत्रास सान्त अवस्थायंत्र म्हणतात, आणि मराठीची पदसिद्धी बव्हंशी त्याच्या आवाक्यात आहे. आता हे वाक्य पाहा: ‘ज्या विद्यार्थ्याने जो ग्रंथ मी आणला तो वाचला, त्याला बोलवा.’ येथे ‘ज्या’ने उघडलेली जोडी ‘त्याला’ने मिटते, पण मध्ये ‘जो–तो’ ही दुसरी जोडी उघडून मिटलेली आहे. शेवटी उघडलेले प्रथम मिटवायचे, हा नियम. अशी जडणघडण कितीही खोल होऊ देण्याची मुभा ठेवली, तर सान्त अवस्थायंत्र अपुरे पडते, कारण त्याला मोजता येत नाही. नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्ये व्याकरणांची जी चढती श्रेणी मांडली, तिच्या पहिल्या दोन पायऱ्या आपण आत्ता मराठीत चढलो. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी विद्यार्थी हीच श्रेणी कंसांची उदाहरणे घेऊन शिकतो. तिचा जन्म भाषाविज्ञानात झाला हे त्याला पुस्तकातील एका ओळीवरून कळते, न कळते.

या ठिकाणी पाणिनीचे नाव निघणे अपरिहार्य आहे. जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये प्रोग्रॅमिंग भाषेचे व्याकरण लिहिण्याची एक पद्धत मांडली. पीटर नाउर यांनी ती १९६० च्या ‘अल्गोल’ अहवालात वापरली. आणि १९६७ मध्ये पी. झेड. इंगरमन यांनी एका छोट्याशा पत्रात, या पद्धतीला पाणिनीचे नाव जोडले जावे, अशी सूचना केली. अष्टाध्यायीच्या सुमारे चार हजार सूत्रांतील नियमांची रचना, नियमांमधील प्राबल्याची व्यवस्था, अनुवृत्ती, हे सारे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभ्यासावे असेच आहे. परंतु ‘संस्कृत ही संगणकास सर्वांत योग्य भाषा’ हे जे वाक्य सभा-समारंभांतून ऐकू येते, त्याचा या अभ्यासाशी संबंध नाही. श्रेष्ठत्व वर्णनपद्धतीचे आहे. आणि ती पद्धत मराठीस, कोकणीस वा गोंडीसही तितकीच लागू करता येईल. भारतातील संगणनाच्या आरंभकाळात ही दृष्टी होतीच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक ज्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला, ते आर. नरसिंहन गणिताचे पंडित होते, आणि त्यांनी पुढे भाषाव्यवहाराच्या प्रतिमानावर दीर्घकाळ काम केले.

सिद्धान्त बाजूस ठेवून व्यवहाराकडे आलो, तरी हीच उणीव भासते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन; हा भेद मराठीत अर्थभेदक आहे. संगणकावर दुसऱ्या शब्दातील आडवा रफार दोन प्रकारांनी लिहिता येतो: यूनिकोडमधील ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात, आणि यूनिकोडचे प्रमाणीकरणाचे नियमही त्यांना एक करीत नाहीत. परिणामी, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्याची वेगळी सोय केली नसेल, तर एका प्रकारे नोंदलेले आडनाव दुसऱ्या प्रकारे शोधता सापडत नाही. ‘कुऱ्हाडे’ किंवा ‘गोऱ्हे’ आडनावाच्या माणसाच्या सरकारी नोंदीचा प्रश्न असला, म्हणजे ही केवळ लिपिशास्त्रातील गंमत राहत नाही. हा दोष ओळखण्यास मराठीची जाण हवी आणि दूर करण्यास प्रोग्रॅमिंग हवे.

म्हणून, ज्या विद्यार्थ्याला भाषेचे संगणन करावयाचे आहे, त्याने विषयांची निवड कोणत्या क्रमाने करावी? आमचे मत असे की ‘नैसर्गिक भाषा प्रक्रियण’ हा ऐच्छिक विषय दिसताच तो घेऊन टाकण्याची घाई करू नये. प्रथम संभाव्यता व रेषीय बीजगणित, जोडीने संगणनाचा सिद्धान्त. मग मशीन लर्निंग. आणि त्यानंतर हा विषय. आजची मोठी भाषा-प्रतिमाने सदिश व संभाव्यता यांवर उभी आहेत, हे ज्याला ठाऊक नाही, तो दुसऱ्याने केलेल्या साधनाची बटणे दाबण्यापलीकडे जाणार नाही. बी.टेक.मध्ये अधिकचे १८ ते २० श्रेयांक मिळवून दुसऱ्या विद्याशाखेचा ‘मायनर’ घेण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते; ती संगणकातल्याच एखाद्या नव्या नावाच्या विषयावर खर्च न करता भाषाविज्ञान, मानसशास्त्र वा संख्याशास्त्र यांवर खर्च करता येत असेल, तर अवश्य करावी.

दोन्ही शास्त्रे एकाच छपराखाली हवी असणाऱ्यास हैदराबादच्या आय.आय.आय.टी.तील पाच वर्षांचा जोड-अभ्यासक्रम आहे: संगणकशास्त्रात बी.टेक. आणि संगणकीय भाषाविज्ञानात संशोधनाधारे एम.एस. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी आहे. तिच्यात विषयज्ञानाच्या पत्रिकेबरोबर संशोधनाचा कल तपासणारी दुसरी पत्रिका असते, आणि पुढे मुलाखत. पाणिनीय दृष्टीने भारतीय भाषांचे संगणन करणारी राजीव संगल व त्यांच्या सहकाऱ्यांची परंपरा याच संस्थेत रुजली. मुंबईच्या आय.आय.टी.त मराठी शब्दजालाचे काम झाले, ते मात्र पदवीच्या नव्हे, संशोधनाच्या स्तरावर.

आणि ज्यांचे गणित बारावीपूर्वीच सुटले त्यांचे काय? त्यांच्यासाठी मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२० मध्ये सुरू केलेला डेटा सायन्सचा दूरस्थ पदवी-अभ्यासक्रम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. हे संगणकशास्त्र नव्हे, हे खरे. पण त्याचे प्रवेशाचे तत्त्व निराळे आहे. बारावी कोणत्याही शाखेतून चालते. दहावीस गणित व इंग्रजी असले म्हणजे पुरे. चार आठवडे शिकवून मग त्या शिकवलेल्यावरच पात्रता परीक्षा घेतली जाते. पायाभूत टप्प्यात गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी, संगणकीय विचार व पायथन. आधीच्या शिक्षणावर परीक्षा घेऊन दार लावण्यापेक्षा आत घेऊन शिकवावे व मग पारखावे, ही रीत भाषेच्या विद्यार्थ्यास न्याय देणारी आहे. आपल्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी पदवीबरोबर तिचा पायाभूत टप्पा पुरा केला, तरी पुष्कळ साधेल. याखेरीज ‘गेट’ परीक्षेत २०२१ पासून मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांची पत्रिका आली आणि तिच्यात भाषाविज्ञान हा पर्याय आहे, बी.ए. झालेल्यासही ती देता येते.

राहता राहिला आपल्या विभागांच्या कर्तव्याचा प्रश्न. महाराष्ट्रात नवी पदवीरचना २०२३-२४ पासून विद्यापीठ-विभागांत व स्वायत्त महाविद्यालयांत, आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाली. प्रत्येक सहामाहीस २० ते २२ श्रेयांक. तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. यांतील ‘ओपन इलेक्टिव्ह’ हा भाग मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावा लागतो. बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे आज यासाठी जी यादी ठेवली जाते, तिच्यात भाषेचा विषय असलाच तर बहुधा संवादकौशल्याचा असतो. त्या जागी दोन श्रेयांकांची एक पत्रिका ठेवता येईल: लिपी व यूनिकोड यांवर चार आठवडे, मराठीची पदसिद्धी व सान्त अवस्थायंत्र यांवर पाच, वाक्यरचनेवर चार, आणि उरलेल्या काळात प्रत्येकाने आपल्या गावच्या बोलीतील पन्नास वाक्यांना हाताने व्याकरणिक खुणा घालण्याचे काम. त्याच वर्गात आपल्या बी.ए.च्या विद्यार्थ्यांस बसवावे, आणि त्यांच्यासाठी शनिवारी एक तास विविक्त गणिताचा ठेवावा. तो शिकवण्यास गणित विभागातील कोणी मिळाले नाही, तर बारावीच्या पुस्तकातील तर्कशास्त्राचे प्रकरण आपल्यापैकी कोणासही शिकवता येण्यासारखे आहे.